विंडोजची व्हील्स आपोआप: मराठी वर्णक्रम लावणाऱ्या पायथन लायब्ररीच्या बिल्डच्या नोंदी

४ मे २०२४, शनिवार

आमची लायब्ररी शब्दयाद्या मराठी वर्णक्रमाने लावते. पायथनचं साधं सॉर्ट युनिकोडच्या क्रमांकांवर चालतं. त्यात ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसतो, म्हणून 'काळ' हा 'कावळा'च्या आधी येतो. 'क्षमा' तर क च्या बाराखडीच्या शेपटाला जाऊन बसते. कोशाला किंवा पुस्तकामागच्या सूचीला ह, ळ, क्ष, ज्ञ असा शेवट लागतो. हे काम आत सी++ मध्ये आयसीयू ही युनिकोडची लायब्ररी करते आणि वरून पायबाइंडचं, म्हणजे सी++ ला पायथनशी जोडणारं, पातळ आवरण आहे.

लिनक्स आणि मॅकसाठी व्हील्स, म्हणजे आधीच बांधून ठेवलेली पॅकेजं, आधीपासून बनतात. विंडोजवर मात्र पिपला, म्हणजे पायथनची पॅकेजं टाकणाऱ्या प्रोग्रामला, व्हील सापडत नाही. मग तो सोर्स उतरवतो, कंपायलर शोधतो आणि 'मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ १४.० किंवा त्यापुढचं हवं' असं लाल अक्षरांत सांगून थांबतो. कुणी नेटाने ती कित्येक जीबींची बिल्ड टूल्स टाकलीच, तरी पुढे आयसीयू नाही म्हणून अडतं. पायआयसीयू या आयसीयूच्या पायथन आवरणाचीही हीच अवस्था, पायपीआय या पॅकेजांच्या भांडारात त्याचा फक्त सोर्स असतो. अशा अडलेल्यांना कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतल्या क्रिस्टोफ गोल्क यांचं विंडोज बायनरींचं पान वर्षानुवर्षं तारत होतं, पण तेही २०२२ मध्ये थांबलं. आमचे वापरणारे म्हणजे सूची करणारे, डीटीपीवाले, कोशाचं काम करणारे. सगळा कारभार विंडोजवर.

ठरलं ते असं: बिल्ड आपोआप चालवणाऱ्या गिटहब अ‍ॅक्शन्सवर सीआयबिल्डव्हील हे व्हील्स बांधणारं साधन चालवायचं, पायथन ३.९ ते ३.१२, ६४ बिट आणि ३२ बिट दोन्ही. पायपाय या पायथनच्या दुसऱ्या अवताराची व्हील्स ते आपणहून बनवायला घेतं, ती वगळली. आमच्याकडे ती कुणी मागितलेली नाहीत.

खर्चाचं आधीच सांगून ठेवतो. सार्वजनिक रिपॉझिटरीला रनर, म्हणजे बिल्ड चालवणारी गिटहबची मशीनं, फुकट आहेत. खासगी रिपॉझिटरीत फुकट खात्याला महिन्याला २,००० मिनिटं मिळतात आणि विंडोजचं एक मिनिट दोन धरलं जातं. त्यामुळे 'आधी खासगीत करून बघू, मग उघड करू' हा विचार सोडून द्या. प्रयोग सार्वजनिक शाखेवरच करा, लाल फुल्या चारचौघांत दिसल्या तर दिसू देत.

५ मे, रविवार

आयसीयू विंडोजवर आणायचे तीन मार्ग दिसले. पहिला, विंडोजची स्वतःची आयसीयू. विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून ती सोबत येते. पण ती फक्त सी चा एपीआय उघडा ठेवते आणि आमचा सगळा कोड सी++ च्या वर्गांवर आहे. शिवाय वर्णक्रम कुठल्या आवृत्तीने लागेल हे समोरच्याच्या विंडोजवर ठरणार. एकच यादी दोन मशीनवर दोन तऱ्हांनी लागली तर कोशवाले आम्हाला उभं करणार नाहीत. दुसरा मार्ग म्हणजे आयसीयूच्या तयार डीएलएल, म्हणजे प्रोग्रामने चालताना उचलायच्या वेगळ्या फाइली, उतरवून व्हीलमध्ये भरणं. तिसरा, व्हीसीपीकेजी या सी++ लायब्ररी बांधणाऱ्या साधनाने ती स्टॅटिक बांधून आमच्या मॉड्यूलमध्येच मुरवणं. तिसरा घेतला, कारण डीएलएल जितक्या कमी तितक्या भानगडी कमी.

व्हीसीपीकेजीत लक्ष्य मशीनच्या वर्णनाला ट्रिपलेट म्हणतात. नावात 'स्टॅटिक' दिसलं म्हणून 'एक्स६४-विंडोज-स्टॅटिक' घेतला. आयसीयू बांधून झाली आणि शेवटच्या पायरीला लिंकर, म्हणजे बांधलेले तुकडे जोडणारा, एलएनके२०३८ म्हणत अडला: रनटाइम लायब्ररी जुळत नाही, एकीकडे एमटी (स्टॅटिक), दुसरीकडे एमडी (डायनॅमिक). या ट्रिपलेटमध्ये आयसीयूबरोबर सी चा रनटाइमही स्टॅटिक होतो. पायथनची एक्स्टेन्शन्स मात्र डायनॅमिक रनटाइमवर बांधली जातात. दोन्ही एका मॉड्यूलमध्ये नांदत नाहीत. हवा होता तो 'एक्स६४-विंडोज-स्टॅटिक-एमडी'. लायब्ररी स्टॅटिक, रनटाइम डायनॅमिक. ३२ बिटसाठी त्याच नावाचा एक्स८६ ट्रिपलेट.

तो बदलल्यावर एलएनके२०१९. आयसीयूची फंक्शनं सापडत नाहीत आणि प्रत्येक नावाआधी 'इम्प' असा उपसर्ग. हा उपसर्ग दिसला की समजायचं, कंपायलर अजून डीएलएलच्या भरवशावर आहे. आयसीयू स्टॅटिक वापरताना 'यू_स्टॅटिक_इम्प्लिमेंटेशन' हा मॅक्रो आपल्या कोडलाही द्यावा लागतो. सीमेकमध्ये, म्हणजे बिल्डच्या सूचनांत, एक ओळ टाकली आणि लिंक झालं.

अजून एक ठेच सीमेकची. लिनक्सवर बिल्डचा प्रकार आधीच ठरवून देतात. व्हिज्युअल स्टुडिओचा जनरेटर एकाच वेळी डीबग आणि रिलीज दोन्ही मांडून ठेवतो आणि न सांगितल्यास डीबग बांधतो. मग पायथनची डीबग लायब्ररी, नावाच्या शेवटी '_डी' असलेली, शोधायला जातो आणि ती नसते. बिल्डच्या आज्ञेत रिलीज स्पष्ट लिहा.

११ मे, शनिवार

व्हील बनतंय, पण एका फेरीतला जवळजवळ सगळा वेळ आयसीयू खाते. व्हीसीपीकेजी विंडोजवर ती एमएसवायएस२ या युनिक्ससारख्या वातावरणातून कॉन्फिगर करून बांधतं. एकेका आर्किटेक्चरला वीस-वीस मिनिटं. टेस्टमधला एक स्वल्पविराम बदलला तरी तेवढं थांबायचं. अशाने माणूस दुसरं काहीतरी उघडून बसतो आणि परत येईपर्यंत आपण काय तपासत होतो तेच विसरतो.

व्हीसीपीकेजीला बायनरी कॅशसाठी एक साधं फोल्डर नेमून दिलं आणि ते फोल्डर अ‍ॅक्शन्सच्या कॅशमध्ये ठेवलं. एका रिपॉझिटरीला १० जीबी मिळतात, आणि सात दिवस कुणी हात लावला नाही तर नोंद उडते. आम्ही शनिवार-रविवारी काम करणारे, त्यामुळे सात दिवसांची मर्यादा आमच्या बरोबर वर्मावर बसते. आठवड्यातून दोनदा नुसतीच कॅश गरम ठेवणारी ठरावीक वेळेची फेरी लावून टाकली.

रनरवर व्हीसीपीकेजी आधीच टाकलेलं असतं. ते तसंच वापरलं तर रनरची प्रतिमा बदलली की आयसीयूची आवृत्तीही गुपचूप बदलेल. म्हणून मॅनिफेस्ट फाइलमध्ये बेसलाइनचं कमिट बांधून टाकलं. एक मात्र आपल्या हातात राहत नाही. कॅशची किल्ली ठरवताना व्हीसीपीकेजी कंपायलरची आवृत्तीही धरतं. कंपायलर बदलला की सगळं पुन्हा बांधलं जातं, आणि ते योग्यच आहे. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

१९ मे, रविवार

आज टेस्ट जोडल्या. सीआयबिल्डव्हील त्या प्रकल्पाच्या फोल्डरबाहेरून चालवतं. सोर्समधला कोड चुकून इम्पोर्ट होऊ नये म्हणून हे चांगलंच आहे, फक्त टेस्टच्या आज्ञेत फोल्डरचा पत्ता 'प्रोजेक्ट'च्या जागाधारकाने द्यावा लागतो. ते केलं आणि टेस्ट पडायला लागल्या. तेही नेमक्या ज्यासाठी लायब्ररी आहे त्याच.

द्यायची यादी: बाळ, बाग, बाहुली, बाक. यायला हवं: बाक, बाग, बाहुली, बाळ. विंडोजवर येत होतं: बाक, बाग, बाळ, बाहुली. म्हणजे आयसीयू चालतेय, पण आमचे मराठीचे नियम तिच्यापर्यंत पोचत नाहीत. आम्ही भाषेचे तयार नियम न घेता स्वतःचे देतो, कारण काही कोशांना क्ष आणि ज्ञ शेवटी हवे असतात आणि काहींना क व ज खालीच. हे नियम सी++ फाइलमध्ये यूटीएफ-१६ लिटरल म्हणून, म्हणजे कोडातच अवतरणात, लिहिलेले आहेत, थेट देवनागरीत.

घोळ तिथेच होता. फाइल यूटीएफ-८ मध्ये आहे, बीओएमशिवाय, म्हणजे एन्कोडिंग सांगणारी सुरुवातीची खूण नाही. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर अशी फाइल मशीनच्या कोड पेजमध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीच्या अक्षरसंचात, आहे असं धरतो. रनरवर ते १२५२, पश्चिम युरोपीय. ळ चे यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट होतात: ई०, ए४, बी३. कंपायलरने ते तीन वेगळी अक्षरं म्हणून वाचले. एक डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, एक चलनाचं चिन्ह, एक वर चढवलेला तीन. मग त्या तिघांना इमानेइतबारे यूटीएफ-१६ करून नियमांत घातलं. आयसीयूच्या लेखी आम्ही कुठल्याशा चिन्हांचा क्रम सांगत होतो. तिने तो मानला आणि मराठीला हातही लावला नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे 'char' प्रकारच्या साध्या लिटरल्समध्ये हे दिसतच नाही. तिथे बाइट जसे आत गेले तसेच बाहेर येतात, म्हणून चूक सांगणारे संदेश देवनागरीत नीट छापले जात होते. त्यावरून एन्कोडिंग ठीक आहे असं वाटत राहतं. सी४८१९ हा इशाराही इथे आला नाही. तो बहुतेकदा चिनी, जपानी कोड पेजवाल्यांना दिसतो.

उपाय: कंपायलरला 'यूटीएफ-८' हा स्विच द्या. त्याने वाचायचं आणि लिहायचं, दोन्ही एन्कोडिंग ठरतं. प्रत्येक फाइलला बीओएम लावणं हाही उपाय सांगतात, पण एका संपादकाने तो पुसला की पुन्हा तेच. स्विच सीमेकमध्ये घातला की विषय संपतो. देवनागरी लिटरल असलेला सी++ प्रकल्प विंडोजवर नेणार असाल तर पहिल्या दिवशी हेच करा.

बाळ बाहुलीनंतर आलं.

२५ मे, शनिवार

छोट्या याद्या बरोबर लागल्या, पण कोशाची दहा हजार शब्दांची यादी विस्कटलेली. विस्कटण्यात एक ढब होती: सुरुवात सारखी असलेले लांब शब्द आपसात उलटसुलट व्हायचे. 'महाराज', 'महाराणी', 'महाराष्ट्र' या घराण्यात अंदाधुंदी, पण 'मका' आणि 'मध' आपापल्या जागी.

आम्ही वेगासाठी आयसीयूच्या सॉर्ट-किल्लीचे (शब्दाची जागा ठरवणाऱ्या बाइटांच्या माळेचे) पहिले आठ बाइट एका पूर्णांकात कोंबतो आणि आधी तेवढेच ताडून बघतो. तो पूर्णांक 'अनसाइन्ड लाँग' होता. ६४ बिट लिनक्सवर आणि मॅकवर लाँग ६४ बिटांचा असतो. ६४ बिट विंडोजवर तो ३२ बिटांचाच राहिलेला आहे. पहिला बाइट ५६ घरं सरकवायचा तर सरकायला जागाच नाही. प्रोसेसर अशा वेळी सरकवायचा आकडा ३२ ने गुंडाळतो, म्हणून तो २४ घरं सरकला आणि पहिले चार बाइट पुढच्या चारांवर जाऊन बसले. एकावर एक चढलेल्या बाइटांतून फरक पुसला गेला.

'यूइंट६४' केलं, यादी सरळ झाली. त्या ओळींवर कंपायलरने सी४२९३ हा इशारा दिला होता, पण आयसीयू आणि सीमेकच्या शेकडो ओळींत तो कोण बघणार. आता तेवढा एक इशारा चूक म्हणूनच धरायला लावला आहे. सगळेच इशारे चुका करू नका, बाहेरच्या हेडर फाइल्स तुम्हाला जगू देणार नाहीत.

लाँगला घेऊन अजून कुठे काय बसलंय ते बघायला सगळा कोड चाळला. दोन ठिकाणी 'एसएसाइझ_टी' होतं, ते या कंपायलरकडे नसतं, तिथे पायथनचं 'पाय_एसएसाइझ_टी' घातलं. 'विंडोज.एच' हे हेडर मिन आणि मॅक्स नावाचे मॅक्रो आणतं आणि मानक लायब्ररीतल्या त्याच नावांच्या फंक्शनांची वाट लावतं. त्यावर 'नोमिनमॅक्स' व्याख्यित करणं हा जुना उतारा आहे, तो केला.

२६ मे, रविवार

उरलेल्या टेस्ट. सगळ्या विंडोजच्या सवयींच्या, भराभर उरकल्या.

शब्दयादीच्या फाइलचा चेकसम जुळत नव्हता. रनरवरचं गिट चेकआउट करताना ओळींचे शेवट विंडोजच्या पद्धतीचे करतं. गिटअ‍ॅट्रिब्यूट्स फाइलमध्ये टेस्टच्या डेटाला एलएफ बांधून टाकलं. तात्पुरती फाइल उघडी असताना तिच्याच नावाने पुन्हा उघडणं विंडोजवर चालत नाही, पर्मिशनएरर येतो. पायथन ३.१२ मध्ये यासाठी नवीन पर्याय आहे, पण आम्हाला ३.९ पण सांभाळायचंय, म्हणून तात्पुरतं फोल्डर वापरलं. एन्कोडिंग न देता उघडलेल्या फाइल्स बऱ्याच निघाल्या. त्या शोधायला पायथन ३.१० पासून एक इशारा चालू करता येतो. तो चालू करून टेस्ट लिनक्सवरच पळवल्या आणि घरबसल्या सगळ्या सापडल्या.

आज्ञावलीतून चालणाऱ्या आमच्या छोट्या प्रोग्रामवर जरा जास्त वेळ गेला. मित्राच्या लॅपटॉपवर, कन्सोलमध्ये, 'ज्ञानेश्वर' झकास उमटतं. रनरवर 'चारमॅप'ला हे अक्षर येत नाही म्हणून प्रोग्राम कोसळतो. पायथन ३.६ पासून विंडोजच्या कन्सोलशी थेट युनिकोडमध्ये बोलतो, पण आउटपुट फाइलमध्ये किंवा पाइपमध्ये वळवलं की मशीनच्या कोड पेजवर परततो. रनरवर सगळंच वळवलेलं असतं. आमचे लोक तरी काय करतात, यादी लावून 'मोठा-पेक्षा' चिन्हाने फाइलमध्येच तर काढतात. म्हणजे रनर खरं बोलत होता. मराठीला विंडोजवर स्वतःचं जुन्या पद्धतीचं कोड पेज कधी मिळालंच नाही, त्यामुळे कोड पेज बदलून बघा हा सल्लाही इथे कामाचा नाही. रनरवर 'पायथनयूटीएफ८' हा चल १ करून टेस्ट हिरव्या करता आल्या असत्या. पण वापरणाऱ्याच्या मशीनवर तो कुणी लावलेला नसतो. त्यापेक्षा प्रोग्रामच्या सुरुवातीला आउटपुट प्रवाह यूटीएफ-८ मध्ये बदलून घेतला. पायथन ३.१५ पासून यूटीएफ-८ हेच मुळातलं असेल असं पेप ६८६ या पायथनच्या प्रस्तावात ठरलंय. तोवर हे असंच.

८ जून, शनिवार

कॅश असूनही आज आयसीयू मुळापासून बांधली गेली. आम्ही काही बदललेलं नाही. लॉग पाहिला तर रनरवरचा व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ आता १७.१० वर गेलाय. कंपायलर नवा, म्हणून किल्ली नवी. नोंद करून पुढे गेलो.

दिवस गेला तो आकारावर. आयसीयूचा डेटा एकटाच ३० एमबीच्या आसपास आहे. जगभरच्या भाषा, चलनं, टाइमझोन. ते सगळं प्रत्येक व्हीलमध्ये मुरलेलं. पायपीआयची एका फाइलची मर्यादा १०० एमबी आहे, ती आड येत नाही. पण गावाकडच्या नेटवर व्हील उतरवणाऱ्याला ते जड आहे.

आयसीयू ६४ पासून डेटा गाळता येतो: जेसन फाइलमध्ये काय हवं ते लिहायचं आणि बांधताना तिचा पत्ता द्यायचा. लिहिली, दिली, आकार तसूभरही घटला नाही. सोर्सच्या गठ्ठ्यात डेटा आधीच शिजवलेल्या एकाच फाइलच्या रूपात असतो, त्यातून गाळायला काही उरलेलं नसतं. डेटाचा कच्चा माल वेगळ्या झिपमध्ये मिळतो. तो उतरवून जुन्या डेटाच्या जागी ठेवला तेव्हा चाळणी लागू झाली. व्हीसीपीकेजीत हे बसवायला आयसीयूचा पोर्ट आपल्याकडे घेऊन त्यात फेरफार करावा लागला. मूळ वर्णक्रम, मराठी, हिंदी, संस्कृत आणि अक्षर-शब्द तोडायचे नियम एवढंच ठेवलं. कोकणीवाल्यांनी मागितलं तर तेही घालू, एका ओळीचं काम आहे.

व्हील पूर्वीच्या पावपटीखाली आलं. पण आता तो पोर्ट सांभाळणं आमच्या गळ्यात. आकाराची तुम्हाला फिकीर नसेल तर या वाटेला जाऊ नका.

१५ जून, शनिवार

प्रकाशन. बिल्डच्या फाइली साठवणाऱ्या अपलोड-आर्टिफॅक्टच्या चौथ्या आवृत्तीत दोन कामांनी एकाच नावाने गठ्ठे चढवलेले चालत नाहीत. तिसरीत चालायचे, सगळी व्हील्स एका नावाखाली गोळा व्हायची. आता प्रत्येक आर्किटेक्चरला वेगळं नाव आणि शेवटी उतरवताना नमुना देऊन एकत्र करणं. जुन्या वायएएमएल फाइली बघून लिहिणाऱ्यांची इथे हमखास अडचण होते.

पायपीआयवर चढवायला टोकन ठेवलं नाही, 'ट्रस्टेड पब्लिशिंग' वापरलं. ते एप्रिल २०२३ पासून आहे. पायपीआयला रिपॉझिटरी, वर्कफ्लोच्या फाइलचं नाव आणि एन्व्हायर्नमेंट सांगायचं आणि वर्कफ्लोमध्ये त्या एकाच कामाला आयडी-टोकन लिहिण्याची परवानगी द्यायची. फाइलचं नाव नंतर बदललं तर पायपीआयवरही बदला, नाहीतर प्रकाशन नाकारलं जातं.

आधी टेस्टपायपीआयवर चढवा, हे सगळे सांगतात, त्याचं खरं कारण असं की एकदा चढलेलं फाइलनाव पुन्हा वापरता येत नाही, फाइल पुसली तरी. आमचं ०.६.० तिथेच वर्णन चुकीचं जाऊन वाया गेलं. खऱ्या पायपीआयवर ०.६.१ गेलं.

१८ जून, मंगळवार

संध्याकाळी फोन. सदाशिव पेठेत सूची आणि मुद्रितशोधनाचं काम करणारे एक काका आहेत, आमची लायब्ररी सगळ्यात आधी वापरायला घेतलेले.

"अहो, इन्स्टॉल झालं हं या वेळी. अगदी गुपचूप झालं. पण चालवलं की म्हणतं, डीएलएल लोड फेल्ड."

"कोणती डीएलएल ते सांगतंय का काका?"

"नाही ना. सांगितलेलं मॉड्यूल सापडत नाही म्हणतं. कोणतं सांगितलंय ते सांगत नाही."

काकांनी नेमकं दुखणं सांगितलं. विंडोजचा हा संदेश मॉड्यूलचं नाव घेतो तेव्हा ते आपलंच असतं, हरवलेलं असतं ते त्याच्या पोटातलं कुणीतरी. आमच्या मॉड्यूलच्या अवलंबित्वांची यादी डम्पबिनने काढली. कर्नल, यूसीआरटी, पायथन, व्हीसीरनटाइम१४० आणि एमएसव्हीसीपी१४०. व्हीसीरनटाइम पायथन स्वतःबरोबर आणतो. एमएसव्हीसीपी ही सी++ च्या मानक लायब्ररीची डीएलएल, ती पायथन आणत नाही. ज्यांच्याकडे कुठल्या ना कुठल्या प्रोग्रामने व्हिज्युअल सी++ चं रीडिस्ट्रिब्युटेबल टाकलेलं असतं त्यांचं चालतं. काकांचं मशीन नुकतंच पुसून नव्याने भरलेलं होतं.

रनरवर हे दिसणं शक्यच नव्हतं. तिथे अख्खा व्हिज्युअल स्टुडिओ बसलेला असतो, सिस्टम फोल्डरमध्ये सगळं हजर. व्हील जिथे बांधलं तिथेच तपासून मिळालेल्या हिरव्या खुणेला या बाबतीत काडीची किंमत नाही. आता यापुढे प्रत्येक प्रकाशनाआधी व्हील विंडोज सँडबॉक्समध्ये टाकून बघायचं. सँडबॉक्स दर वेळी कोरा करकरीत उघडतो आणि बंद केला की सगळं जातं. फक्त तो होम आवृत्तीत नसतो, प्रो लागते.

काकांना तात्पुरतं रीडिस्ट्रिब्युटेबल टाकायला सांगितलं. चाललं.

२९ जून, शनिवार

त्यावर 'वाचा' फाइलमध्ये 'रीडिस्ट्रिब्युटेबल टाका' अशी ओळ लिहून मोकळं व्हायचा बेत होता. या आठवड्यात आलेल्या तक्रारीने तो बारगळला. एकाकडे रीडिस्ट्रिब्युटेबल आहे, ताजं आहे, आणि तरी पायथन काही न बोलता बंद होतो. 'फॉल्टहँडलर' लावून चालवायला सांगितलं: अ‍ॅक्सेस व्हायोलेशन, आयसीयूच्या म्युटेक्समध्ये, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपात.

त्यांच्या स्क्रिप्टमधून ओळी काढत गेलो. आमची लायब्ररी आधी इम्पोर्ट केली तर चालतं. पीडीएफ वाचणारी दुसरी एक लायब्ररी आधी आणि आमची नंतर, तर मरतं. प्रोसेस एक्सप्लोररमध्ये पाहिलं तर त्या लायब्ररीने आपल्या फोल्डरातली एमएसव्हीसीपी१४० आणलेली, काही वर्षं जुनी. विंडोज त्याच नावाची डीएलएल प्रक्रियेत आधीच हजर असेल तर दुसरी शोधायला जात नाही. आम्हाला ती जुनीच मिळाली.

जुनी मिळाल्याने का बिघडलं, याचं उत्तर ८ जूनच्या नोंदीत. व्हिज्युअल स्टुडिओ १७.१० मध्ये मानक लायब्ररीतल्या म्युटेक्सचा कन्स्ट्रक्टर 'कॉन्स्टएक्सपर', म्हणजे कंपाइल करतानाच मोजता येणारा, झाला. नव्या कंपायलरने बांधलेला म्युटेक्स जुन्या एमएसव्हीसीपीला ओळखता येत नाही आणि ती शून्य पत्त्यावर हात घालते. नियमच आहे की रनटाइम हा बांधणाऱ्या टूलसेटइतका किंवा त्याहून नवा हवा. एरवी जुन्यावर निभावून जायचं, म्हणून कुणी मनावर घेत नव्हतं.

३० जून, रविवार

पालख्या पुण्यात, रस्ते बंद, बाहेर पडायचा प्रश्न नव्हता.

म्युटेक्सचा जुना कन्स्ट्रक्टर परत आणणारा एक मॅक्रो आहे. पण म्युटेक्स आमच्या कोडात नाही, आयसीयूत आहे. म्हणजे तो मॅक्रो व्हीसीपीकेजीच्या ट्रिपलेटमध्ये घालायचा. आणि तेवढं करूनही काकांची अडचण तशीच राहते, डीएलएल मुळातच नसण्याची. दोन्हीवर एकच औषध म्हणजे डेल्व्हव्हील. लिनक्सवर ऑडिटव्हील करतं तेच काम: व्हीलला लागणाऱ्या डीएलएल शोधून, नावाला हॅश जोडून, शेजारच्या 'लिब्स' फोल्डरमध्ये ठेवणं आणि मॉड्यूलला नवीन नाव शिकवणं. नाव वेगळं झालं की आधी कुणी कोणती एमएसव्हीसीपी आणली याने फरक पडत नाही. पायथन ३.८ पासून एक्स्टेन्शनच्या डीएलएल पाथमध्ये शोधल्या जात नाहीत, फोल्डर कोडमधून जाहीर करावं लागतं. ती ओळही डेल्व्हव्हील पॅकेजच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये घालतं. मायक्रोसॉफ्टच्या पुनर्वितरणाच्या यादीत ही डीएलएल आहे, तेव्हा सोबत देण्यात अडचण नाही.

सीआयबिल्डव्हीलमध्ये विंडोजसाठी दुरुस्तीची आज्ञा आम्हाला स्वतः लिहावी लागली. डीएलएल रनरच्या सिस्टम फोल्डरमधून न उचलता, ज्या टूलसेटने बांधलं त्याच्याच रीडिस्ट फोल्डरचा पत्ता दिला, एक्स६४ आणि एक्स८६ चा वेगवेगळा. शिवाय दुरुस्तीनंतर डम्पबिन चालवून यादीत अनोळखी नाव दिसलं तर बिल्ड पाडणारी छोटी स्क्रिप्ट जोडली. सँडबॉक्समध्ये चाललं. त्या पीडीएफ लायब्ररीनंतर इम्पोर्ट करूनही चाललं. ०.६.२ सोडलं आणि 'वाचा'तली रीडिस्ट्रिब्युटेबलची ओळ काढून टाकली.

१० ऑगस्ट, शनिवार

सीआयबिल्डव्हील २.२० ने पायथन ३.१३ ची व्हील्स आपोआप बांधायला घेतली, रिलीज कँडिडेट आला की एबीआय, म्हणजे बांधलेल्या कोडाशी जुळणारी पायथनची रचना, बदलत नाही म्हणून. आमच्याकडे आवृत्तीचा एक आकडा वाढवला आणि ती हिरवी आली. ऑक्टोबरात ३.१३ येईल तेव्हा व्हील आधीच पायपीआयवर असेल. अशी वेळ या प्रकल्पावर पहिल्यांदाच आलीय.

३२ बिटचं ठेवायचं का यावर चर्चा झाली. एका छापखान्यात ६४ बिट विंडोजवर ३२ बिट पायथन आहे आणि त्यांच्या जुन्या स्क्रिप्ट त्याच्याशी बांधलेल्या आहेत. कॅश भरलेली असली की ३२ बिटला फारसा वेळ लागत नाही, तेव्हा ठेवलं. विंडोज ७ ला नाही म्हटलं. पायथन ३.८ नंतर तिथे काही चालतच नाही आणि ३.८ चा पाठिंबाही येत्या ऑक्टोबरात संपतोय.

एआरएम६४ व्हील बांधून होतं, कारण एक्स६४ च्या रनरवरूनही ते क्रॉस-कंपाइल करता येतं. पण तपासायला मशीन नाही, आणि १८ जूननंतर न तपासलेलं व्हील चढवायची इच्छा नाही. कुणाकडे एआरएमचा विंडोज लॅपटॉप असेल तर इश्यूमध्ये लिहा, व्हील पाठवतो. चालवून पाहायची यादी टेस्टच्या फोल्डरमध्ये आहे, बाळ-बाहुलीपासून सुरू होते.